भरतीच्या रेघेवरील मंडळींस

प्रति,
समस्त शंख-शिंपले मंडळी,
मुक्काम भरतीची रेघ, मुरूड-हर्णै-आंजर्ले,
तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी



पत्र लिहिण्यास कारण की, दिवाळीच्या रंगकामासाठी आमच्या बैठकीतलं काचेचं कपाट रिकामं केलं आणि तुमच्यातले जे आमच्याकडे मुक्कामाला आहेत ते सगळे सध्या अंगणातल्या खाटेवर उन्हात बसले आहेत. प्रकृती बरी आहे. थोडी धूळ होती, ती धुतली. वर्धेत अशी कपाटं घरोघर दिसतील. वरच्या फळीवर मुलांचे चषक, मधल्या फळीवर सेवाग्रामहून आणलेला छोटा चरखा आणि सर्वांत खाली, सरकी काढलेल्या घरच्या कापसावर, तुम्ही. आमच्या आठ तालुक्यांपैकी एकालाही समुद्र लागत नाही. मुंबईच रेल्वेने साडेसातशे किलोमीटर, आणि तुमचा गाव त्याच्याही पुढे. रात्रभर विदर्भ एक्सप्रेस, मग कोकणची गाडी, मग खेडहून एसटी. तरीही ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही अशा आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनीही तुम्हाला हातात घेतलेलं आहे. देव्हाऱ्यातला शंख, सारीपाटाच्या कवड्या, बाळाला घुटी पाजायची शिंप. इतक्या जुन्या ओळखीत मन मोकळं करायला हरकत नसावी.

आधी आभार मानते. किनाऱ्यावर प्रत्येक गोष्टीला दर आहे. घोडागाडीला आहे, शहाळ्याला आहे, समुद्र दिसणाऱ्या खोलीला तर फारच आहे. तुम्हाला नाही. ज्या पोराच्या खिशात काहीच नाही त्यालाही तुम्ही ओंजळभर मिळता. आमच्याकडची मोठी माणसं, जी वर्षभर कापसाचा भाव, पाऊस आणि सोयरिकी यांतून डोकं वर काढत नाहीत, ती तुमच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कंबर वाकवून चालू लागतात आणि जेवायला हाका मारल्या तरी येत नाहीत. माझ्या वडिलांना मी असं निवांत दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. हे ऋण मोठं आहे, आणि ते मान्य करूनच पुढचं लिहिते.

आता तक्रारी. पहिली रंगाची. ओल्या वाळूत तुम्ही जांभळे, केशरी, वाघाच्या अंगासारखे पट्टेदार दिसता. पिशवीत पडता, सुकता, आणि वर्धेला उतरेपर्यंत निम्मे पांढुरके झालेले असता. मुलं विचारतात, रंग कुठे गेला? पाण्याच्या पातळ थराने तुमच्या अंगावरचे बारीक ओरखडे भरून निघतात, उजेड इकडेतिकडे विखुरत नाही, म्हणून ओलेपणी रंग गडद दिसतो, हे त्यांना समजावून सांगता येतं. उन्हाने खरोखरच रंग उडतो, हेही सांगता येतं, आणि ऊन म्हणजे काय हे वर्धेच्या मुलांना शिकवावं लागत नाही. पण नवसासारखं जपून आणलेलं काहीतरी हातात फिकं पडलेलं पाहून त्यांचा चेहरा उतरतो त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमचा रंग तिथलाच आहे, तिथल्या पाण्यासकटचा, हे तुम्ही जरा आधी कळवायला हवं होतं.

दुसरी तक्रार आवाजाची. आमच्या गल्लीत एका घरी मोठा शंख होता आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो कानाला लावायला रांग लागायची. आत समुद्र आहे असं आम्हाला सांगितलेलं होतं. पुढे कळलं की आत समुद्र नसतो. भोवतालच्या आवाजातले काही सूर शंखाच्या पोकळीत घुमून मोठे होतात, आणि अगदी बंद, निःशब्द खोलीत नेलं तर तुमचा समुद्र गप्प होतो. म्हणजे मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत आम्ही ऐकला तो आमचाच कूलर होता, रस्त्यावरच्या रिक्षा होत्या, स्टेशनाकडून येणारी मालगाडीची धडधड होती. मला याचा राग आला नाही. आमच्या गावाचा गलबला तुम्ही एवढा गोड करून परत दिलात. पण त्या रांगेतल्या एखाद्याला वेळेवर खरं सांगितलं असतंत तर तो अधिक आनंदाने ऐकत बसला असता, असं मला राहून राहून वाटतं.

खरी गोष्ट यापुढची आहे. माझ्या आजीने आयुष्यात समुद्र पाहिला नाही. आम्ही सुट्टीहून परतलो की ती पिशवीतलं सगळं सुपात ओतायची, धान्य पाखडावं तसं हलवायची आणि एक मोठा शंख उचलून विचारायची, "हे कोनाचं घर उचलून आनलं वं पोरी?" आम्ही म्हणायचो, कोणाचंच नाही, रिकामं होतं. ती म्हणायची, "रिकामं घर कोनाचंच नसते का? वावरातलं बीळ पाय, सोडलं एकानं की राह्यला येते दुसरा." ती तुमच्या किनाऱ्यावर कधी आली नव्हती, पण तिने जे सांगितलं ते तिथे शब्दशः खरं आहे. पुस्तकात ज्याला संन्यासी खेकडा म्हणतात, त्याचं पोट मऊ आणि पिळदार असतं. त्याला स्वतःचं कवच करता येत नाही. मेलेल्या गोगलगायीचा शंख हेच त्याचं घर. अंग वाढलं की घर अपुरं पडतं आणि त्याला मोठं घर शोधावं लागतं. मोठा शंख सापडला की कधी कधी लहानमोठे खेकडे मापाने ओळीत उभे राहतात. पहिला नव्या घरात शिरला की त्याच्या घरात दुसरा, दुसऱ्याच्या घरात तिसरा. आम्ही नेमका त्या ओळीतला पहिला, सर्वांत देखणा आणि न फुटलेला शंख उचलून साडेसातशे किलोमीटरहून अधिक दूर आणतो आणि कापसावर ठेवतो.

आणि माळेचं भोक. लहानपणी आम्ही गोल भोकाचे शिंपले शोधत असू. ते दोऱ्यात ओवता येतात, आणि देवानेच मुलींसाठी भोक पाडून दिलं असं आम्ही समजत होतो. ते भोक पाहिलं आहे का कोणी नीट? बाहेरून रुंद, आत निमुळतं, अगदी सुताराने गिरमिटाने पाडल्यासारखं. ते नॅटिका नावाच्या गोलसर गोगलगायीचं काम असतं. ती वाळूतून येते, आपल्या रुंद पायाखाली शिंपल्याला धरते, आंबट स्राव सोडून कवच मऊ करते आणि दातेरी जिभेने खरवडत राहते. काही तास, कधी दिवसभरही. भोक पडलं की आतलं मांस खाते. आमच्या गळ्यातल्या माळेतला प्रत्येक शिंपला अशा एका मरणाची खूण होता. हे कळल्यावर मी माळ टाकली नाही. उलट तेव्हापासून मुलींना ती दाखवताना प्रत्येक भोक बोटाने चाचपायला लावते, काठावरचा उतार नखाला लागतो तो जाणवू देते. तुमच्याबद्दल इतकं सगळं तुमच्याच अंगावर लिहिलेलं असताना आम्ही फक्त रंग पाहत होतो.

कोणी म्हणेल, एका कुटुंबाने पिशवीभर नेले तर अथांग समुद्राचं काय बिघडतं? स्पेनमध्ये भूमध्य समुद्राच्या काठी लार्गा नावाचा किनारा आहे. तिथे 1978 ते 1981 या काळात आणि पुन्हा 2008 ते 2010 या काळात महिन्यामागून महिने वाळूवरचे शिंपले मोजले गेले. 2014 साली निष्कर्ष छापून आले. तीस वर्षांत पर्यटक जवळपास तिप्पट झाले आणि शिंपले साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले. तिथे मासेमारी वा हवामानात या घटीचा उलगडा होईल असा मोठा बदल सापडला नाही. सगळी माणसं आमच्यासारखीच होती, हौशी, मुलंबाळं घेऊन आलेली, एकेक मूठ नेणारी. आपल्या कोकणात तीस वर्षांमागची अशी मोजणी कोणाच्या वहीत असेल तर ती अमोल आहे. मला आठवतं ते एवढंच की लहानपणी भरतीच्या रेघेवर अनवाणी चालताना पाय टोचायचे, आणि आता टोचत नाहीत.

तुमचा चुरा होणंही वाया जाणं नव्हे. लाटा तुम्हाला फोडतात, दळतात आणि तुमच्यापासूनच वाळूचा काही भाग बनतो. तुमच्यातला चुना पाण्यात विरून पुन्हा कोणा गोगलगायीच्या कवचात जातो. कोकणातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींत तुम्हाला भाजून केलेला चुना आहे. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी तुमच्यातल्या एका चपट्या, अर्धपारदर्शक जातीची तावदानं आहेत, आणि त्यांतून येणारा दुधट उजेड मी एकदा दुपारभर बसून पाहिला. माणसाने तुम्हाला वापरलं याची मला तक्रार नाही. वापरण्यात ओळख असते.

तक्रार आहे ती दुकानांची. तुमच्या देवळांच्या गावांतून शंखांचे आरसे, पडदे, दिवे विकायला असतात आणि त्यांवर गावाचं नाव रंगवलेलं असतं. त्यांतले बरेच शंख त्या गावच्या समुद्रातले नसतातच. तमिळनाडूकडून येतात, परदेशातूनही येतात, आणि वाळूवर मरून पडलेले नसतात, जिवंत काढलेले असतात. आम्लात धुऊन, घासून, चकचकीत करून ते आमच्यासमोर ठेवलेले असतात, म्हणून तर इतके निर्दोष दिसतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत 2001 साली तुमच्यातल्या 24 जातींची नावं घातली गेली. शिंगं असलेला मोठा शिरस्त्राण शंख, ट्रायटन, नॉटिलस अशी मोठमोठी नावं त्यात आहेत. वर्धेहून गेलेल्या माणसाला हे कोण सांगणार? तो आरसा घेतो, वर्तमानपत्रात गुंडाळतो, मांडीवर धरून आणतो. दीपक आपटे यांचं भारतीय शंखांवरचं पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने 1998 साली काढलं. ते आमच्या शाळांच्या ग्रंथालयांत असतं, आणि सहलीआधी शिक्षकांनी एक तास ते मुलांसमोर उघडलं असतं, तर निम्मी खरेदी तिथेच थांबली असती.

आता आमच्याकडची एक बातमी. ती तुम्हाला ठाऊक नसेल. तुमचे सोयरे आमच्याकडे फार आधीपासून आहेत.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात लाव्हाचे पूर येत होते. एक थर पसरायचा, थंड व्हायचा आणि पुढचा येईपर्यंत मधे शांततेची हजारो वर्षं जायची. त्या काळात खोलगट जागी तळी साचत, काठाला झाडं वाढत आणि गाळात गोगलगायी राहत. मग पुन्हा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकी. विहीर खणताना किंवा रस्त्यासाठी टेकडी फोडताना दोन काळ्या थरांच्या मध्ये राखाडी-पांढऱ्या दगडाची जी पातळ पट्टी दिसते, ती त्या तळ्यांचा तळ. नागपूरच्या टाकळीला स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांना 1851 साली त्यात शंख सापडले. हिस्लॉप यांनी ते वर्षानुवर्षं जमवले आणि 1860 साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात त्यांचं वर्णन छापलं. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकलेली कितीतरी माणसं आमच्या जिल्ह्यात आहेत, आणि ज्याचं नाव त्यांच्या पदवीपत्राशी जोडलेलं आहे तो माणूस शंख वेचत हिंडायचा हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत आहे.

या दगडी शंखांतला सर्वांत ओळखीचा म्हणजे फायसा प्रिन्सेपी. गोड्या पाण्यातला. कधी अंगठ्याएवढा, कधी त्याहून मोठा, आणि आता पूर्ण गारगोटीसारख्या दगडाचा झालेला. त्याचं टोक वर धरलं की तोंड डाव्या हाताला येतं. तुमच्यातल्या बहुतेकांचं उजव्या हाताला येतं. देव्हाऱ्यात दक्षिणावर्ती म्हणून ज्याची पूजा होते, ज्याच्यासाठी लोक वाटेल ते पैसे मोजतात, त्या दुर्मिळ शंखाचा पीळ आणि या फायसाचा पीळ एकाच बाजूचा आहे. आमच्या काळ्या मातीखाली त्या पिळाच्या शंखांचे थर आहेत आणि त्यांना कोणी फूल वाहत नाही. गिट्टीच्या खाणीत ते भरडले जातात आणि रस्त्यावर अंथरले जातात.

लाकडंसुद्धा आहेत. आमच्याच जिल्ह्यातल्या नवरगावच्या दगडांतल्या अश्मीभूत लाकडांवर अभ्यासकांनी लेख लिहिले आहेत. आणि समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे, जिच्यावर ख्वाजा फरीदबाबांचा दर्गा आहे आणि जिथे हिंदू-मुसलमान दोघेही नवस फेडायला जातात. तिथे गोलसर दगड सापडतात. व्यापाऱ्यांनी फकिराची टिंगल केली, म्हणून त्यांच्याकडचे नारळ आणि इतर मालाचे दगड झाले, आणि त्यांनी पाया पडून क्षमा मागितल्यावर बाबांनी सुक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला, अशी कथा आहे. दगड म्हणून पाहिलं तर ते लाव्हाच्या पोकळ्यांत साठलेल्या झिओलाइट खनिजाचे गोळे. लहानपणी उरुसाला गेलो की आम्ही तेही वेचायचो. वाकून जमिनीवरचं काही उचलायचं आणि त्यात एक गोष्ट ऐकायची, हे आम्ही गिरडला शिकलो आणि तुमच्या किनाऱ्यावर आलो. छिंदवाड्याकडे, झिलमिली नावाच्या गावी तर अशाच थरांत समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची कवचं मिळाली, आणि त्या काळी समुद्राचा एखादा फाटा मध्य भारतात आत शिरला असावा असं काही अभ्यासकांनी 2009 साली मांडलं. म्हणजे समुद्र आम्हाला इतका परका नसेलही.

जवळचं नातं धाम नदीचं. पवनारला विनोबांच्या आश्रमाखाली नदीच्या वाळूत शिंपल्या मिळायच्या. आई त्यातली एक दगडावर घासून मध्ये भोक करायची आणि त्या धारेने कैऱ्या सोलायची. त्या शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीचे दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून काढतात. मासे नाहीत तर शिंपल्या नाहीत, आणि वाळू उपसली तर राहायला तळही नाही. वर्धेची मुलं समुद्रावर जाऊन पिशव्या भरतात आणि घराजवळच्या पुलावरून जाताना खाली पाहत नाहीत. हा दोष मी तुमच्यावर टाकत नाही. पण तुम्ही इतके देखणे आहात की घरच्यांकडे लक्ष जात नाही, एवढं मात्र खरं.

म्हणून आता विनंती.

येत्या डिसेंबरात आमच्या घरची मुलं तुमच्याकडे येत आहेत. पौर्णिमेच्या मागेपुढे ओहोटीला पाणी लांबवर हटतं, म्हणून मुद्दाम ती तारीख धरून तिकिटं काढली आहेत. त्यांना मोकळेपणाने भेटा. लाट परतताना वाळूत झटकन शिरणारे ते पाचरीसारखे छोटे शिंपले त्यांच्या पायांखालून पळू देत. बटणाएवढे चकचकीत शंख ओल्या वाळूवर ज्या रेघा ओढत जातात, त्या रेघांच्या मागे मुलांना जाऊ द्या. मुलांना सांगितलेलं आहे की शंख उचलला तर आधी तोंडाशी दार आहे का पाहायचं. दार लावलेलं असेल तर घरात माणूस आहे. तिथून पाय दिसले तर भाडेकरू आहे. दोन्ही प्रकारांत जसा होता तसा, त्याच बाजूवर ठेवायचा. तुम्ही घरात असाल तर दार घट्ट लावून घ्या. मुलं शहाणी आहेत, पण उतावीळ आहेत.

एकेकाला एकच न्यायची परवानगी दिली आहे, आणि तोही फुटका. धड शंखाचं जे काही दिसतं ते फक्त बाहेरचं. फुटल्यावर आतला खांब दिसतो, त्याभोवती चढत गेलेला जिना दिसतो, लहानपणची खोली वर राहिली आणि रहिवासी वाढत वाढत खाली येत गेला हे दिसतं. असे फुटके, पण खांब शाबूत असलेले काही जण हर्णैच्या बाजूला भरतीच्या रेघेवर ठेवता आले तर फार उपकार होतील. मोठीला चित्रं काढायची आहेत, तिला तो जिना हवा आहे.

बदल्यात एक वचन आमच्याकडून. परत आल्यावर या मुलांना पुन्हा गिरडला आणि पवनारच्या पुलाखाली नेणार आहे. तिथे काही फोडायचं नाही, खणायचं नाही, फक्त बसून पाहायचं. त्यांच्या वहीत तुमच्या पानासमोर फायसाचं पान असेल.

मोठ्यांस नमस्कार, वाळूत लपलेल्या लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
एक वर्धेकर

ता. क. कोन शंखाचा डंख विषारी असतो, तेव्हा कोनासारख्या निमुळत्या, नक्षीदार शंखाला हात लावायचा नाही असं धाकटीला दोनदा बजावलं आहे. तरी ती येईपर्यंत त्या मंडळींनी जरा खोल पाण्यात राहावं.